पानं पडेपर्यंत

नोव्हेंबर लागला की माझी सून देवळातले सगळे खराटे कोठीत ठेवून कुलूप लावते. "तुमच्यासाठी नाही हं आई," असं दर वर्षी म्हणते. "येणाऱ्यांपैकी कुणी हौसेनं उचलायचं, म्हणून." मी बरं म्हणते. आमच्याकडे येणारा माणूस गाड्या बदलत, शेवटी बसमध्ये उभा राहून डोंगर चढून येतो. तो काही आमचं अंगण झाडायला येत नाही, हे तिलाही ठाऊक आहे. तिनं माझ्या सासूबाईंना पाहिलेलं नाही. पण घरात गोष्टी राहतात, आणि सुनांना त्या बरोबर सापडतात.

मी या देवळात आले ती तोक्योला ऑलिंपिक झालं त्या वर्षी. माहेर समुद्राकाठचं, मासे सुकवणाऱ्यांचं. इथे क्योतोच्या उत्तरेचे डोंगर, देवदारांची दाटी, सकाळी उशिरा येणारं ऊन. देवळाच्या पुढच्या अंगणात जमीन दिसत नाही इतकं दाट शेवाळ आणि त्यावर ओणवे झालेले तीन जुने मेपल. आमचे हे इथले पुजारी. त्यांच्या आधी त्यांचे वडील होते, पण मी आले तेव्हा ते गेलेले होते. देऊळ चालवायच्या त्या सासूबाईच. इकु त्यांचं नाव. लग्नानंतरच्या पहिल्याच पहाटे त्या माझ्या अंथरुणापाशी येऊन उभ्या राहिल्या. हातात दोन खराटे, बांबूच्या काटक्यांचे, त्यांनी स्वतः बांधलेले.

"ऊठ सातोए. पानं पडलीत."

बाहेर धुकं होतं. त्यांनी मला खराटा कसा धरायचा ते दाखवलं. "शेवाळ खरवडायचं नाही. त्याला नुसत्या गुदगुल्या व्हायला हव्यात. पान उचललं गेलं पाहिजे आणि शेवाळाला कळता कामा नये." मी हात चालवू लागले. त्या थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे वाळू असते. ती कोण झाडणार म्हणा."

पुढची कितीतरी वर्षं आमची सकाळ अशीच झाली. दोघी दोन टोकांनी निघायचो आणि मधल्या मेपलखाली भेटायचो. मग त्या मी झाडलेल्या बाजूनं सावकाश फिरून यायच्या. चांगलं झाडलंस असं कधी म्हणाल्या नाहीत. कुठेतरी वाकायच्या, बहुतेकदा दगडी दिव्यामागे, एक पान उचलायच्या आणि बाहीत टाकायच्या. ते एक पान मला दिवसभर टोचत राहायचं.

पण झाडलेल्या पानांचा ढीग पेटवला की त्यांचा चेहरा बदलायचा. ढिगाच्या पोटात रताळी पुरलेली असायची. वास खाली गावापर्यंत जायचा आणि शाळेत निघालेली मुलं दप्तरांसकट देवळाच्या पायऱ्या चढून यायची. सासूबाई काठीनं रताळी उकरून त्यांच्या हातावर ठेवायच्या. "भाजलं तर ओरडू नका, देव झोपलाय." आमच्या मेपलचं तेव्हा कुणाला कौतुक नव्हतं. शरदात ते लाल व्हायचे, मग झडायचे. गावाच्या लेखी ती रताळ्यांची पानं होती.

जुने सम्राट गेले त्या वर्षीच्या शरदात सासूबाई स्वयंपाकघराच्या पायरीवरच्या दहिवरावरून घसरल्या आणि मनगट मोडून घेतलं. शहरातल्या दवाखान्यात त्यांना ठेवलं, सोबतीला मी. इकडे पानं पडत राहिली आणि झाडायला कुणी नव्हतं. आमच्या यांना प्रार्थना आणि गावातली श्राद्धं यातून वेळ होईना. अशात एक फोटोवाला वाट चुकून वर आला. फोटो काढू का म्हणून त्यानं विचारलं, हे काढा म्हणाले. पुढच्या शरदात तो फोटो रेल्वेच्या जाहिरातीत आला. हिरव्या शेवाळावर पसरलेली लाल पानं, वरून झाडांचा लाल मांडव, मधे आमचा दगडी दिवा. मनगट पुन्हा दवाखान्यात दाखवायला शहरात गेलो तेव्हा स्टेशनच्या भिंतीवर सासूबाईंनी तो पाहिला.

"बघ," त्या म्हणाल्या. "माझ्या सुनेनं अंगण झाडलं नाही, ते आता ओसाकापर्यंत कळलं."

त्या वर्षीपासून लोक येऊ लागले. आधी कॅमेरेवाले, मग जोडपी, मग बसगाड्या. देवळाच्या मुख्य दालनाचं छप्पर तेव्हा गळत होतं, बुद्धाच्या डाव्या खांद्याशी बादली ठेवावी लागायची. लोकांच्या येण्यानं छपरावर नवी कौलं चढली. गावात बंद पडलेलं चहाचं दुकान उघडलं. गावातली जी घरं या देवळाची म्हणून ओळखली जातात, त्यांचे प्रमुख होसोई. त्यांनी येऊन सांगितलं की पुढच्या अंगणातली पानं हंगाम संपेपर्यंत हलवायची नाहीत.

यांनी सासूबाईंना समजावलं. "आई, लोकांना ते आवडतं."

"काय, कचरा?"

"पडलेली पानं, आई."

"म्हणजे कचराच की."

"त्यांना त्यात सगळं कसं क्षणाचं आहे ते दिसतं."

"मग त्यांना म्हणावं घरी जा, आपापल्या अंगणात बघा."

पण ऐकलं त्यांनी. छपराखालची बादली त्यांनीच इतकी वर्षं ओतली होती. हंगामात त्या पुढे फिरकायच्या नाहीत. मागच्या ओसरीवर अंगणाकडे पाठ करून बसायच्या आणि वाळवायला पर्सिमनची फळं सोलायच्या. पुढून बायकांचे आहा आणि ओहो ऐकू आले की सुरी जरा जोरात चालायची. डिसेंबरात पाऊस लागून पानं काळी पडली की मग आम्हाला झाडायची मुभा. "आता ही पानं नाहीत, चिखल आहे," त्या म्हणायच्या आणि तरी झाडायच्या.

असं काही वर्षं चाललं. मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चुलीवरचं भांडं, मग वार, मग माणसं. मला त्या कधीकधी त्यांच्या लहान बहिणीच्या नावानं हाक मारत. खालच्या गावचे डॉक्टर तपासून म्हणाले, "औषध म्हणाल तर हे घरच आहे. हात जिथे आपोआप जातो ती जागा. इथून हलवू नका. हलवलंत तर उरलंय तेही जाईल." मी ते मनात धरून ठेवलं.

त्यांना बसगाड्यांचा विसर पडला, जाहिरातीचा पडला, छपराचा पडला. खराट्याचा मात्र पडला नाही.

त्या शरदात एका पहाटे मला जाग आली ती ओळखीच्या आवाजानं. खर्र, खर्र, मधे थांबणं, पुन्हा खर्र. क्षणभर मला बरंच वाटलं. मग मी धावले. पुढचं अर्धं अंगण हिरवं झालं होतं.

होसोई दुपारी आले. ओसरीच्या कडेला बसले, चहा घेतला. "काकूंना काय बोलणार मी," म्हणाले. "पण वहिनी, गाव हंगामावर जगतं. या खेपेला वारा आहे, उद्यापर्यंत पानं पुन्हा पडतील. परत असं झालं तर मात्र हंगामापुरतं त्यांना कुठेतरी ठेवावं लागेल. नुसतं हंगामापुरतं."

"डॉक्टर हलवू नका म्हणालेत."

"म्हणून तर म्हणतोय, परत होऊ देऊ नका."

इतक्यात सासूबाई आतून आल्या. "कोण, होसोईचा का रे तू? केवढा झालास. डोक्यावरचे केस कुठे ठेवून आलास?"

"पडले काकू."

"झाडलेस का?"

होसोई हसले. आम्ही सगळेच हसलो.

मी खराटे कोठीत कुलपात ठेवले, दारापाशी निजू लागले. आणि मला एक युक्ती सुचली. स्वयंपाकघरामागे आमचं एक छोटं अंगण आहे, मातीचं. मी संध्याकाळी देवळामागच्या दफनभूमीत जायची, तिथल्या मेपलखालची पानं परडीत भरायची आणि त्या मागच्या अंगणात पसरायची. पहाटे सासूबाई उठल्या की त्यांचा हात धरून मी त्यांना तिकडे न्यायची आणि एक जुना खराटा हातात द्यायची. त्या झाडायच्या. मग आम्ही मुळ्याचं लोणचं आणि पेज खायचो आणि त्या दिवसभर शांत असायच्या. यांनी हे पाहिलं आणि दुसऱ्या संध्याकाळी परडी त्यांनीच उचलली.

मला वाटलं, निभावलं. हंगाम संपत आला होता. पुढे अंगण गुडघ्यापर्यंत रंगात बुडालं होतं.

एका पहाटे त्या मागच्या अंगणात झाडता झाडता थांबल्या. वर बघितलं, मग चारी बाजूंना बघितलं.

"सातोए, इथे मेपल नाही."

नाव बरोबर घेतलं म्हणून मी आनंदले, आणि मग त्या काय म्हणाल्या ते कळलं.

"वाऱ्यानं आली असतील, आई."

"छपरावरून उडी मारून?" त्यांनी मला नीट निरखलं. माझ्या एप्रनच्या नाडीत एक पान अडकलं होतं. ते त्यांनी काढलं. "तू आणलीस."

"हो."

"का गं?"

"तुम्हाला झाडायला."

त्या हसल्या. कितीतरी दिवसांनी तशा हसल्या. "वेडी आहेस. पानं काय आणून टाकायची असतात?" आणि ते पान बाहीत टाकून त्या पुन्हा झाडू लागल्या.

त्या रात्री मी त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला माझा पट्टा बांधून निजले. सकाळी पाहते तर माझा पट्टा सोडलेला, नीट घडी करून माझ्या उशाशी ठेवलेला. कोठीचं कुलूप तसंच होतं. त्यांनी कुंपणाच्या बांबूच्या काटक्या मोडून, आपल्या किमोनोची दोरी काढून नवा खराटा बांधला होता. बांधणी घट्ट होती, हातात कुठेही न टोचणारी. विसरलेल्या हाताचं काम वाटलं नसतं कुणाला.

मी पुढच्या अंगणात पोचले तोवर त्या मधल्या मेपलपर्यंत आल्या होत्या. मी त्यांचा हात धरला. त्या थांबल्या.

"तुझा खराटा कुठाय?"

"आई, आत चला."

"उजाडलंय बघ. लोक यायची वेळ झाली." त्यांनी हात सोडवून घेतला, रागानं नाही, कामात असलेल्या माणसासारखा. "हे असं पाहिलं तर काय म्हणतील?"

मी जोरानं ओढलं असतं, पण त्यांचं ते मोडून जुळलेलं मनगट माझ्या हातात होतं. मी सोडलं. मधल्या मेपलपासून माझ्या बाजूचं जेवढं उरलं होतं तेही त्यांनी झाडलं. इतकं सुंदर झाडलेलं अंगण मी पाहिलं नव्हतं. शेवाळ धुऊन काढल्यासारखं दिसत होतं, एकही ओरखडा नाही.

त्या दिवशी नागोयाहून बसगाड्या यायच्या होत्या. होसोई गावातली चार माणसं घेऊन धावत वर आले. दफनभूमीतली पानं चादरींत भरून आणली आणि हे, देवळाचे पुजारी, काळा झगा खोचून अंगणात उतरले आणि मुठी भरभरून पानं टाकू लागले. मी सासूबाईंना ओसरीवर बसवून चहा दिला होता. त्या पेला हातात धरून बघत होत्या.

"र्योशुन."

"हो आई."

"काय करतोयस?"

हे थांबले. दोन्ही मुठी भरलेल्या. "पानं टाकतोय."

"आत्ताच झाडलंय ना मी?"

"हो."

त्यांनी पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे वळून आवाज खाली आणला. "सातोए, याला हे कधीपासून होतंय?"

मी पेला उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिला.

"बायकोनं लक्ष द्यायला हवं. गावात कळलं तर याला देवळात कोण राहू देईल?"

हे ऐकू गेलं सगळ्यांना. होसोई पायरीवर बसले आणि गळ्यातल्या टॉवेलनं तोंड पुसत राहिले. आम्हाला वाटलं, आता ते सासूबाईंना हलवायचा विषय काढायचे नाहीत. पण टाकलेली पानं पडलेल्या पानांसारखी दिसत नाहीत. पालथी पडतात, ढिगानं पडतात, तपकिरी बाजू वर येते. नागोयाचे लोक आले, नम्रपणे पाहून गेले. चहाच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, फोटोत वेगळं दिसत होतं. संध्याकाळी होसोई परत आले, आणि बोलले. डोळे लाल होते, पण बोलले. यांनी मान खाली घालून ऐकलं. मी डॉक्टरांचं म्हणणं पुन्हा सांगितलं. होसोई म्हणाले, "वहिनी, नुसतं पानं पडेपर्यंत." मग यांनीही तेच म्हटलं, माझ्याकडे न बघता.

माझी नणंद मिसाओ ओसाकाला राहते, उंच इमारतीत. तिचा नवरा गाडी घेऊन आला. सासूबाईंना प्रवासाचा किमोनो नेसवला तेव्हा त्यांना कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखं वाटलं असावं, खुशीत होत्या. गाडीत बसता बसता एकदम म्हणाल्या, "किती दिवस?"

"पानं पडेपर्यंत," मी म्हटलं.

"अगं, मग तेव्हाच तर मी हवी."

"मी आहे ना."

"तू?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. गाडी सुरू झाली तेव्हा काच खाली करून म्हणाल्या, "दगडी दिव्यामागे बघत जा."

उरलेला हंगाम फार चांगला गेला. थंडी नेमकी पडली. शेवटची पानं सावकाश, एकेक करून उतरली आणि सुलटी पडली. लोक ओसरीवर मांडी घालून तासन्‌तास बसत, कुणी डोळे टिपत. मी चहा देत होते. कानात नुसता खर्र आवाज यायचा, आणि पाहावं तर काही नाही.

मिसाओचा फोन यायचा. "त्रास काही नाही गं वहिनी. उलट काहीच नाही. इथे झाडायला काय आहे? गॅलरीत उभी राहते. खाली सगळं सिमेंट. परवा मला म्हणते, इथे पडत कसं नाही काही?" दुसऱ्या वेळी म्हणाली, "आता विचारतही नाही. बसून असते." मी म्हटलं, पाठव परत. ती म्हणाली, दादाला विचार. हे म्हणाले, होसोईंना विचारतो. होसोई म्हणाले, झालंच की आता, थोडंच राहिलंय. सगळे खरंच बोलत होते. झाडाकडे बघून मी पानं मोजत नव्हते, पण त्यांना खाली ये खाली ये म्हणत होते.

डिसेंबरात पाऊस आला आणि अंगण काळं पडलं. फाटकावरची हंगामाची पाटी काढली त्याच दिवशी मी कोठी उघडली. हे मदतीला आले, मी नको म्हटलं. सासूबाईंनी बांधलेला तो शेवटचा खराटा घेतला. ओली पानं शेवाळाला चिकटून बसतात, ती खराट्यानं निघत नाहीत, बोटांनी उचलावी लागतात. कोपरे केले, पायऱ्यांच्या फटी केल्या, दगडी दिव्यामागे तर ओणवी होऊन हात फिरवला. पानं वाळवून ढीग रचला आणि ज्या दिवशी सासूबाईंना घेऊन गाडी यायची त्या दिवशी सकाळी पेटवला, आत रताळी घातली. होसोईही येऊन उभे होते, काखेत टोपी धरून.

गाडी आली. सासूबाई उतरल्या. बारीक झाल्या होत्या, केस कुणीतरी आखूड कापले होते. मिसाओचा हात धरून फाटकापर्यंत आल्या आणि तिथे थांबल्या. मी पुढे गेले. त्यांनी मला पाहिलं आणि कमरेत वाकून, हात मांडीवर ठेवून, परक्या घरी करतात तसा रीतसर नमस्कार केला.

"आत येऊन पाहिलं तर चालेल का?"

मिसाओ रडू लागली. मीही वाकून नमस्कार केला. "या ना."

त्या अंगणाच्या कडेकडेनं, शेवाळाला पाय न लागू देता, सावकाश फिरल्या. दगडी दिव्यापाशी थांबल्या. मागे वाकून पाहिलं. हात बाहीकडे गेला आणि तसाच रिकामा खाली आला.

"एक पान नाही," त्या म्हणाल्या. "इथेसुद्धा नाही. सून चांगली दिसतेय या घरची."

होसोई तोंड फिरवून फाटकाबाहेर गेले. हे ओसरीवर उभे होते, त्यांच्याकडे बघून सासूबाईंनी पुजाऱ्याला करतात तसे हात जोडले. यांनीही जोडले. दुसरं काय करणार होते.

मी त्यांना ओसरीवर बसवलं, रताळं सोलून दिलं. त्यांनी फुंकर घालून खाल्लं. "छान भाजलंय. आमच्याकडेही पानांवरच भाजतात."

"आणखी घ्या."

"नको. निघायला हवं." त्या उठल्या. "घरी अंगण पडलंय. सून आहे, पण ती समुद्राकडची. मेहनती आहे, नाही असं नाही, पण अजून तिला जमत नाही."

"लांब आहे का घर?"

त्यांनी मेपलकडे पाहिलं, वर नव्या कौलांकडे पाहिलं, मग डोंगराकडे बोट केलं. "वर कुठेसं. गेलं की सापडेल."

ओसरीखाली त्यांच्या चपला होत्या. मी खाली वाकले आणि पाहुण्यांच्या ठेवतात तशा, टोकं बाहेरच्या बाजूला करून, त्या नीट लावून ठेवल्या. शेजारी माझ्याही लावल्या.